पैलतीराचं नाणं

नोव्हेंबर, समुद्र बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी

ओप्पिया, पोरी, कशी आहेस? जावईबापू माक्रिनस बरे आहेत ना, त्यांचा गुडघा अजून थंडीत धरतो का? सासूबाईंच्या डोळ्यांना काही उतार पडला? प्रोकुलाचे दुधाचे दात पडायला लागले असतील. झोपताना वेणीचं टोक तोंडात घालायची तिची सवय गेली की तशीच आहे? आणि ते नवं माणूस, जे तुझं मागचं पत्र आलं तेव्हा तुझ्या पोटात लाथा झाडत होतं, ते कसं आहे? आलं का जगात? मुलगा की मुलगी?

विचारते आहे खरी, पण ऐकणारं कोणी नाही. काल तुझ्या कार्थेजला जाणारं शेवटचं गलबत सुटलं आणि मी पत्र घेऊन धापा टाकत धक्क्यावर पोचेपर्यंत ते दीपगृहाच्याही पुढे गेलं होतं. आता मार्चपर्यंत ओस्तियातून कोणी शीड उभारायचं नाही. मी तिथेच दोरांच्या वेटोळ्यावर बसून रडले. तुझे बाबा शोधत आले. म्हणाले, "लिहिणं थांबवू नकोस. रोज थोडं लिही. समुद्र उघडला की सगळं एकदम जाईल."

तेव्हा हे पत्र नव्हे, माझी रोजची टिपणं समज. तुझ्यापर्यंत जाईलच असं नाही, त्यामुळे मनात येईल ते लिहीन. नको ते लिहून बसले तर तेवढा पापुद्रा काढून चुलीत टाकीन. पापुद्रा म्हणजे खराच, लाकडाचा. बाबांनी गोदीतून आणलेत, पातळ तासून, वर रंधा मारून. शाई चुलीच्या काजळीची. एवढा मोठा गठ्ठा आणलाय की मी म्हटलं, "अहो, हा दोन हिवाळ्यांना पुरेल." तर म्हणाले, "असू दे."

डिसेंबर, सॅटर्नच्या सणात

खोकला लागलाय. शेजारची फेलिकुला रोज कोबी उकडून आणते आणि मी खाल्ल्याशिवाय हलत नाही. बाई मायाळू आहे, पण तिचा कोबी म्हणजे शिक्षा.

आज मात्र मजा आली. सणाच्या दिवसांत जुगार माफ, म्हणून गोदीतली माणसं आमच्या जिन्याखाली अक्रोडांची पैज लावून बसली होती. तुझे बाबा डोळ्यांना फडकं बांधून मधोमध. ज्याने त्याने कमरेचं एकेक नाणं काढून त्यांच्या हातात द्यायचं आणि यांनी नुसता अंगठा फिरवून सांगायचं, हे गरुडाचं, हे कणसांचं, ही सुकाणू धरून उभी असलेली भाग्यदेवी, हे खोटं, शिशाचं, कोणाचं आहे त्याने लाजावं. एकही चुकले नाहीत. फेलिकुला म्हणाली, "ओप्पियस, बायकोलाही असंच चाचपून ओळखता का?"

"ती आधीच बोलायला लागते," हे म्हणाले, "चाचपायची वेळच येत नाही."

सगळ्या जिन्याने ऐकलं. मी वरून एक अक्रोड फेकून मारला, तोही यांनी डोळे बांधलेले असताना झेलला.

जानेवारी, पहिला दिवस

नव्या वर्षाचे खजूर, मध आणि अंजीर आले. फेलिकुलाने नाणं दिलं, आम्ही तिला दिलं. मग मी माझं जुनं नाणं काढलं. तू लहानपणी ते चुलीपुढे गडगडवत खेळायचीस, ते. लग्नानंतरच्या पहिल्या नव्या वर्षाला बाबांनी दिलेलं, त्यांच्या आजोबांचं. आता असली नाणी पाडत नाहीत. केवढं जड, जाड, तळहात भरून टाकणारं. एका बाजूला दोन तोंडांचा देव जानुस, दुसऱ्या बाजूला गलबताचं पुढचं टोक. माझी अक्षरओळख असल्याच नाण्यांच्या कडेवरून झाली, कोणी पाटी धरून शिकवलं नाही. त्यामुळे नाणं दिसलं की मी अजून आधी काठ वाचते, मग चित्र बघते.

आज चित्र नीट बघितलं. जानुसचं एक तोंड अजून स्वच्छ आहे, दाढीचे वेढेसुद्धा मोजावेत असे. दुसरं झिजून गोटा झालंय. नाक नाही, डोळा नाही. मला वाटलं, स्वच्छ आहे ते मागे बघणारं, आणि झिजलंय ते पुढे बघणारं. माझंही तसंच झालंय. मागचं सगळं लख्ख दिसतं, तुझं पहिलं पाऊल, आईच्या हातचं मसुराचं कालवण. पुढचं मात्र काही दिसत नाही.

बाबांना दाखवलं. त्यांनी नाणं घेतलं, उजेडाकडे पाठ केली आणि म्हणाले, "याला पुढचं-मागचं असं काही नसतं. तू कुठल्या बाजूला उभी आहेस त्यावर आहे."

मोठे शहाणे.

जानेवारीच्या मध्यावर

ताप येऊन गेला. मध्ये काही लिहिलं नाही.

वैद्य येऊन गेला. मला म्हणाला, मध-पाणी घ्या. मग जिन्यात उभा राहून बाबांशी हळू बोलला. मला इतकंच ऐकू आलं, "वसंतापर्यंत निघालं तर बघू." वैद्य म्हणतात "बघू", तेव्हा त्यांना दिसलेलं असतं.

हा पापुद्रा बहुतेक चुलीत जाईल, म्हणून स्पष्ट लिहिते. मला नाही वाटत मी मार्च बघेन. घाबरलेले नाही, कंटाळलेय. खोकून खोकून बरगड्या दुखतात, आणि वाटतं, आता पुरे. एकच रुखरुख आहे. मुलगा की मुलगी हे कळल्याशिवाय जायचं.

आज ते जुनं नाणं पिवळ्या लोकरीच्या धाग्याने बांधलं, फडक्यात गुंडाळलं आणि चुलीवरच्या कोनाड्यात घरच्या देवांपुढे ठेवलं. मोठ्याने म्हटलं, मी गेले की हे माझ्या तोंडात ठेवायचं. पैलतीराच्या नावाड्याला मी हेच देणार, दुसरं देणार नाही. बोलून टाकल्यावर हलकं वाटलं. प्रवासाचं सामान बांधून झालं की वाटतं तसं.

बाबा दारात उभे होते. कधीपासून कोण जाणे.

"त्यावर गलबत आहे," मी समजावलं. "नावाड्याला नाव. शोभतं."

तुझे बाबा एरवी चिडत नाहीत, पण कोणी लाकडाबद्दल चुकीचं बोललं की चिडतात. "ती काय पैलतीराची नाव आहे? नदीवरच्या नावेला असलं टोक कशाला लागतं? हे लाटा फोडायला आहे. समुद्रात जाणारं आणि परत येणारं गलबत आहे हे. इतकी वर्षं सुताराच्या घरात काढलीस आणि एवढंही कळू नये?"

आणि तरातरा खाली निघून गेले. आजारी बायकोवर कोणी इतकं चिडतं का? पण म्हातारपणी असं होतं. जेवायला आले तेव्हा माझ्या पेजेत स्वतःच्या वाटणीचा मध ओतला.

जानेवारीचे शेवटचे दिवस

आज बरं होतं. आम्ही नाणं उडवून बघितलं. शीर पडलं तर मुलगी, गलबत पडलं तर मुलगा. शीर पडलं. बाबा म्हणाले, एकदा उडवून काय कळतंय. पुन्हा उडवलं, गलबत पडलं. पुन्हा शीर. शेवटी बाबांनी जाहीर केलं की जुळी आहेत. ओप्पिया, जुळी झाली असतील तर तुझ्या बापाचं तोंड बंद करणं कोणाला जमायचं नाही.

हे आपलं साधं नाणं होतं हो, त्यावर गलबत नसलं तरी म्हणायचं तसंच. कोनाड्यातल्याला मी हात लावू दिला नाही.

फेब्रुवारी लागला

नाखवा ट्रेबियस आला होता. गोदीत बाबा बांधताहेत ते गलबत त्याचंच, समुद्र उघडला की सगळ्यांत आधी कार्थेजला निघायचं आहे. म्हणजे हे पापुद्रे त्यातूनच येणार. ट्रेबियस मला काकू म्हणतो आणि येताना नेहमी काहीतरी खारवलेलं आणतो, जे मला चालत नाही आणि बाबांना आवडतं.

डोलकाठीखाली ठेवायचं नाणं दाखवायला आणलं होतं. कोरं करकरीत, पातळ, सोन्यासारखं चमकणारं. भाग्यदेवी उभी, एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात फळांनी भरलेलं शिंग. ट्रेबियसचा नवस आहे या देवीला. गोदीतला सगळ्यांत म्हातारा सुतार डोलकाठीच्या खोबणीत नाणं ठेवतो, चित्र वर करून, देवीची नजर डोलकाठीकडे येईल असं. मग डोलकाठी बसवायची. गलबत पहिली फेरी करून घरी येईपर्यंत डोलकाठी उचलायची नाही आणि नाण्याला उजेड दाखवायचा नाही. सगळ्यांत म्हातारे म्हणजे यंदा तुझे बाबा. गेल्या वर्षीपर्यंत स्टॅबेरियस होते, ते गेले.

ट्रेबियसने नाणं बाबांच्या हवाली केलं. बाबा ते अंगठ्याखाली पुन्हा पुन्हा फिरवत बसले. मग त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच कितीतरी वेळ बोलत उभे राहिले. लाकडाचंच काही असणार. दोघं एकत्र आले की दुसरं काय बोलतात?

पितरांचे दिवस

दरवर्षी मी वेशीबाहेर थडग्यांवर जाते. यंदा उठवेना. बाबा एकटेच गेले, भिजवलेली भाकर, मीठ आणि जांभळी फुलं घेऊन. माझ्या आईपाशी, त्यांच्या आई-वडिलांपाशी आणि तुझ्या भावापाशी, आपल्या छोट्या ओप्पियसपाशी. उशिरा आले. पाय चिखलाने भरलेले.

विचारलं, "काय म्हणालात त्यांना?"

"म्हटलं, घाई करू नका."

गलबताच्या कामाने यांचं डोकं भणाणलंय. मेलेल्यांनासुद्धा वेळापत्रक सांगून येतात.

आप्तांचा दिवस

पितरांचं झालं की दुसऱ्या दिवशी जिवंत असलेल्यांनी एकत्र जेवायचं. मला हा सण सगळ्यांत आवडतो. गेलेल्यांचे दिवस मोजून झाले की मग ताटाभोवती कोण कोण उरलंय ते बघायचं. आम्ही तिघंच होतो, फेलिकुला धरून. तिने कोबी आणला नाही, हीच तिची भेट. तुझ्यासाठी एक जागा मोकळी ठेवली. बाबांनी तुझ्या वाटणीचं अंजीर खाल्लं आणि म्हणाले, "तिला आवडत नाहीतच."

दुपारी ऊन चांगलं होतं, म्हणून बाबांनी आणि एका सुताराने मला खुर्चीसकट उचलून गोदीत नेलं. गलबत बघितलं. पोरी, काय सुंदर झालंय! ओकाच्या फळ्या, राळेचा वास, आत अजून रिकामं आणि पोकळ, ओंजळीसारखं. बाबांनी डोलकाठीची खोबण दाखवली. खोबणीच्या तळाशी नाण्यासाठी गोल खळगा कोरलाय. मला तो फार मोठा वाटला, खोलही. म्हटलं, "अहो, ट्रेबियसचं नाणं एवढंसं. यात तर ते हरवून जाईल."

"लाकूड मऊ निघालं," म्हणाले.

हात थरथरायला लागले असणार त्यांचे. मी पुढे काही बोलले नाही. कारागिराला असलं सांगू नये.

फेब्रुवारी संपता संपता

आज डोलकाठी बसली.

मला पुन्हा खुर्चीतून नेलं. सगळी गोदी जमली होती. बाबा नव्या धुतलेल्या कपड्यात, फडक्यातलं नाणं मुठीत धरून. खोबणीवर वाकले, नाणं ठेवलं, बोटाने दाबलं. ओठ हलत होते. मग त्यांनी हात वर केला, दोर सुटले आणि ती प्रचंड डोलकाठी सावकाश खाली उतरत खोबणीत बसली. इतका घट्ट आवाज झाला की माझ्या दातांत जाणवला. सगळे ओरडले, दारू फिरली. बाबा डोलकाठीला पाठ टेकून उभे राहिले आणि माझ्याकडे बघून हसले. लग्नात हसले होते तसे. मला वाटलं, काम पार पडल्याचा आनंद.

त्याच दिवशी, घरी आल्यावर

ओप्पिया, घोटाळा झालाय.

कोनाड्यात दिवा लावायला गेले. पुडी हलकी लागली. उघडली तर आत ट्रेबियसची भाग्यदेवी, सुकाणू घेऊन उभी, चमचम करत. माझा जानुस नाही.

बाबांना हाक मारली. माझ्या आवाजावरूनच ते समजले असावेत, कारण आत न येता दारातच थांबले.

"अहो, तुम्ही कोणतं नाणं ठेवलंत?"

"का? काय झालं?"

मी पुडी दाखवली. त्यांनी बघितली. डोकं खाजवलं. "चुकलं वाटतं."

"चुकलं? एक तळहाताएवढं, एक नखाएवढं, आणि चुकलं?"

"फडक्यात होतं. म्हातारा झालोय, तेर्तुला."

मी तशीच त्यांना हाताला धरून ट्रेबियसकडे न्यायला निघाले. माझ्यात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे, जिना मी माझ्या पायांनी उतरले. ट्रेबियस अजून गोदीतच होता. त्याला म्हटलं, डोलकाठी उचल. तो हातातला दोर आवळत राहिला, माझ्याकडे बघेना. म्हणाला, "काकू, आता उचलता यायची नाही. गलबत जाऊन परत आल्याशिवाय त्या नाण्याला उजेड दाखवायचा नाही, तुम्हाला माहीत आहे."

"अरे, पण तुझा देवीचा नवस?"

"जानुस दारं उघडणारा देव. समुद्राचंही दार त्यानेच उघडलं तर बिघडलं कुठे?" मग दोर सोडून माझ्यासमोर आला. "पण आता मला परत यायलाच हवं. तुमची ठेव आहे माझ्याकडे."

परत येताना मी बाबांना म्हटलं, "ठीक आहे, दुसरं नाणं ठेवते."

तर म्हणाले, "देवांसमोर तूच बोललीस ना, हेच देणार, दुसरं देणार नाही? मी दारातच होतो."

बोलले होते खरी. तोंडातून गेलेलं परत कसं घेणार?

मार्च लागला

रात्र या विचारात गेली. आता माझी परिस्थिती काय आहे ते नीट मांडते. नावाड्याला द्यायचं नाणं डोलकाठीखाली. डोलकाठी गलबतावर. गलबत जाणार कार्थेजला. जोवर ते परत येत नाही तोवर मी गेले तर मला पैलतीरी कोण नेणार? नाणं नसलेल्यांना म्हणे काठावरच्या चिखलात शंभर वर्षं ताटकळावं लागतं. मला ते जमायचं नाही. माझे पाय सुजतात.

म्हणजे थांबायला हवं. दुसरा मार्गच ठेवला नाही या माणसाने.

आज पेज सगळी संपवली. फेलिकुलाला निरोप पाठवला, कोबी आण. ती धावत आली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली, मला भ्रम झाला असं तिला वाटलं.

बाबांना मी फार बोलले नाही. अंगठ्यावर केवढा भरवसा होता त्यांचा, तोच दगा देऊन गेला. दुखत असेल मनात, दाखवत नाहीत. उलट इतके आनंदात वावरतात की मलाच कीव येते. आज गुणगुणत माझ्यासाठी आणखी पापुद्रे तासत बसले होते.

काही दिवसांनी

खोकला आहे, पण बरगड्या आता दुखत नाहीत. वैद्य आला, नाडी बघितली, म्हणाला, "माझ्या मधाने उतार पडला." फेलिकुला म्हणाली, "माझ्या कोबीने." बाबांनी वैद्याला जिन्यापर्यंत सोडलं आणि वर येताना डोळे पुसले. लाकडाचा भुसा जातो त्यांच्या डोळ्यांत, किती वेळा सांगितलं, फडकं बांधत जा.

समुद्र उघडला

आज इसिस देवीचं गलबत फुलांनी भरून पाण्यात सोडलं. सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत धक्क्यावर. मी चालत गेले, बाबांचा दंड धरून. ट्रेबियस उद्या पहाटे सुटणार.

पापुद्रे सगळे वाचून काढले. वैद्याच्या "बघू"वाला चुलीत टाकायला हातात घेतला होता. मग वाटलं, तो काढला तर पुढचं काहीच कळायचं नाही. तोही पाठवते. घाबरू नकोस. मी आता लवकर कुठे जात नाही, माझी तशी सोयच राहिलेली नाही.

ट्रेबियस पोचला की बंदरावर ये. डोलकाठीपाशी जा, तिला हात लाव. खाली माझा जानुस आहे, अंधारात. एक तोंड तुझ्याकडे, एक माझ्याकडे, असं मी धरते. प्रोकुलाचा हात लाव, आणि त्या नव्या माणसाचाही, मुलगा असो, मुलगी असो, की तुझे बाबा म्हणतात तशी दोन असोत. उचलायचं मात्र नाही हं. जावईबापूंनाही सांग, त्यांना नको तिथे हात घालायची सवय आहे.

एक विनंती आहे. उत्तरात बाबांच्या त्या चुकीचा उल्लेख करू नकोस, थट्टेतही नको. या वयात मनाला लागतं. तशी काल जरा बरी गोष्ट घडली. फेलिकुलाने मुद्दाम त्यांचे डोळे बांधून हातात नाणी दिली, पाचसहा एकदम. धाडधाड सगळी ओळखली त्यांनी, शिशाचंसुद्धा. मला इतकं बरं वाटलं. अंगठा पुन्हा जागेवर आला म्हणायचा.

उत्तर ट्रेबियसच्याच हाती दे, तो परतताना घेऊन येईल. उशीर करू नकोस, पोरी, लवकर लिही. मी धक्क्यावर बसलेली असेन.

तुझी आई,
तेर्तुला